एक ताव कमी

नावं जिभेवर ठरत नाहीत,
म्हणून प्रेसमधल्यासारखी टोपणनावं ठेवली त्यांना:
शेगडीवाला, भिंगवाला,
ठरल्या मिनिटाला फिरायला निघणारे घड्याळमास्तर.
आणि विषाचा पेला हातात घेऊनही
प्रश्न विचारायचा न थांबलेला तो म्हातारा,
त्याला मी काहीच म्हणत नाही. नुसतं 'ते'.

रात्री साडेनऊनंतर जेलरोडच्या गच्चीवर
टाकीला पाठ लावून
मोबाइल विटेवर उभा करतो.
बाई शिकवतात. कुठल्या शहरातून, ठाऊक नाही.
मधेच खोकतात, 'सॉरी' म्हणतात,
मागे कुणाचा तरी कुकर शिट्टी देतो
आणि अडीच हजार वर्षं
पुन्हा जिथल्या तिथून सुरू होतात.
मी वेग पाऊणपट ठेवतो.
बाई जरा झिंगल्यासारख्या बोलतात, पण कळतं.

एका नदीत दोनदा उतरता येत नाही, असं म्हणणारा एक आहे.
त्याला गंगेवर आणायला हवा होता.
इथं पाणी धरणातून सोडतात, आवर्तन ठरवून,
आणि रामकुंडावर माणसं
आजोबांचीच डुबकी मारतात.
(दुसऱ्या दिवशी वाटलं, बरोबर असेल त्याचं.
वडिलांना सोडलं तिथं पुन्हा उतरलो
तेव्हा उतरणारा दुसराच कुणी होता.)

पण मला धरलं ते शेगडीवाल्यानं.
थंडीत दार लावून बसला
आणि एकेक गोष्ट उजेडावर धरून बाद करत गेला.
डोळे खोटं सांगू शकतात, बाद.
जागेपण स्वप्न असू शकतं, बाद.
दोन अधिक तीन? कुणी फसवत असेल, बाद.
अहो, हेच तर माझं काम!
एकतीस वर्षं नोटांचे ताव दिव्याखाली धरले,
शाई पसरलेली, आकडा सरकलेला,
बाद, बाद, बाद.
मी टाळीच वाजवली. खालून सौ. ओरडली,
'काय पडलं?'

पुढच्या तासाला बाई म्हणाल्या,
सगळ्यावर शंका घेऊन झाली
की शंका घेणारा उरतो.
त्याचं काय?

त्याचं काय.

एका मार्चमध्ये मोजणीत एक ताव कमी आला होता.
दारं बंद. डबे, चपला, टोप्या, सगळ्यांची झडती.
बोट गेलं दगू गांगुर्डेकडे,
कारण त्याच्या मुलीचं लग्न ठरलेलं, एवढंच.
तीन दिवस तो बाकावर बसून होता.
मला विचारलं तेव्हा मीही मान हलवली होती.
चौथ्या दिवशी ताव सापडला, दुसऱ्याला चिकटलेला.
त्या गठ्ठ्यावर मोजणाऱ्याची सही होती.
साहेबांनी ती नीट वाचली नाही.
मी वाचली. माझीच होती.

घड्याळमास्तरांकडे काही सूट मिळते का पाहिलं.
ते सूट देत नाहीत.
मित्राला वाचवायलासुद्धा खोटं नाही म्हणतात,
मग मित्राला बुडवून स्वतःला वाचवायला...
तो तास मी अर्ध्यावर बंद केला.

रविवारी देवळाली गावात गेलो.
दगूनं चहा ठेवला. मी सगळं सांगितलं,
पार शेगडीवाल्यापासून, बशीकडे बघत.
तो बराच वेळ चिवड्यातले शेंगदाणे
बाजूला काढत राहिला.
'सत्तावीस वर्षं,' म्हणाला,
'मी माझ्यावरच शंका घेत होतो रे.
वाटायचं, नेला असेल आपणच, विसरलो असू.'

यावर कुठल्याच तासात काही नव्हतं.
उठलो. एक चप्पल घातली.
तेव्हा तो म्हणाला, 'बस.
तो दार लावून बसलेला माणूस,
बाहेर आला का शेवटी?'